किती क्लिक, किती वेळा तीच वेळ: मॉनिटरिंग डॅशबोर्डच्या डागडुजीच्या नोंदी

२ जून

काम आजपासून अधिकृतपणे माझ्या गळ्यात पडलं. तक्रार जुनीच आहे: डॅशबोर्ड (सर्व्हिसची तब्येत आलेखांत दाखवणाऱ्या स्क्रीन) ढिगाने आहेत, पण अलर्ट म्हणजे बिघाडाची सूचना वाजली की हवा तो सापडत नाही. सरांचं म्हणणं, सगळं एकाच ठिकाणी दिसेल असा एक ‘मुख्य’ डॅशबोर्ड बनवून टाक. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. याआधी दोघांनी असा ‘मुख्य’ डॅशबोर्ड बनवलाय आणि ते दोन्ही आता त्याच ढिगात पडलेत.

सध्याची मांडणी: प्रोमिथियस दर १५ सेकंदांनी प्रत्येक सर्व्हिसकडून आकडे उचलतो, ग्राफाना ते आलेखात दाखवतो, लॉग (सर्व्हिस लिहून ठेवते त्या घडामोडींच्या नोंदी) वेगळ्याच टूलमध्ये आहेत आणि अलर्ट चॅटवर येतात. मोजदाद केली तर २१ फोल्डर, १४३ डॅशबोर्ड. नावात ‘कॉपी’ असलेले १७, ‘टेस्ट’ असलेले ११, ‘फायनल’ ३. तीन फायनलपैकी खरा कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही.

काही बनवण्याआधी कोणाच्या तरी शेजारी बसून नुसतं बघायचं, असं ठरवलंय.

३ जून

रात्रपाळी करणाऱ्या सहकारिणीला म्हटलं, मागच्या आठवड्यातला ऑर्डर सर्व्हिसचा घोळ पुन्हा शोधून दाखव, अगदी त्या रात्री केलंस तसंच. मी मागे वही घेऊन बसलो.

अलर्टच्या मेसेजमधली लिंक दाबली तर ग्राफानाचं मुखपृष्ठ उघडलं. तिथून फोल्डर, फोल्डरमधून डॅशबोर्ड. वरच्या ड्रॉपडाउनमध्ये ‘टेस्ट’ होतं, ते ‘प्रॉड’ (ग्राहक वापरतात ती खरी यंत्रणा) केलं. दुसऱ्या ड्रॉपडाउनमधून सर्व्हिस निवडली. मग वेळ: २ वाजून १० मिनिटं ते २ वाजून ४० मिनिटं. आलेखात उंचवटा दिसला. कोणत्या पॉडमुळे (सर्व्हिसच्या कोणत्या चालू प्रतीमुळे), हे बघायला पॉडच्या डॅशबोर्डवर गेली. तिथे पुन्हा ‘गेले ६ तास’ आणि पुन्हा ‘टेस्ट’. परत सगळं निवडलं. मग डेटाबेसचा डॅशबोर्ड. तिथेही तेच.

३१ क्लिक झाले. ‘प्रॉड’ तीनदा निवडलं, आणि तीच वेळ तीनदा ग्राफानात व चौथ्यांदा लॉगच्या टूलमध्ये टाईप केली.

कीबोर्डच्या कडेला तिने एक चिठ्ठी चिकटवली होती, ‘०२:१०–०२:४०’. म्हणाली, “लिहून नाही ठेवलं तर तिसऱ्या स्क्रीनला विसरते.” स्क्रीन शोधायला तिला फारसा वेळ लागत नव्हता, ती सरावली आहे. वेळ जात होता तो प्रत्येक स्क्रीनला ‘आपण कशाबद्दल बोलतोय’ हे नव्याने सांगण्यात. चिठ्ठी मागून घेतली. ‘मुख्य’ डॅशबोर्डचा बेत माझ्यापुरता रद्द.

५ जून

ग्राफानाची वरची पट्टी नीट समजून घेतली. इतकी वर्षं वापरतोय, पण अशी कधी बघितली नव्हती.

निवडलेली वेळ आणि ड्रॉपडाउनमधलं सगळं ब्राउझरच्या पत्त्यातच लिहिलेलं असतं. कुठून, कुठपर्यंत, कोणतं एन्व्हायर्नमेंट, कोणती सर्व्हिस. एका डॅशबोर्डवरून दुसऱ्यावर जाताना पत्त्याचा तो भाग सोबत गेला तर दुसरी स्क्रीन बरोबर तिथेच उघडते, नाही गेला तर स्वतःच्या ठरलेल्या वेळेवर. डॅशबोर्डच्या लिंकच्या सेटिंगमध्ये यासाठी दोन चौकटी आहेत. एक सध्याचा कालावधी सोबत नेते, दुसरी व्हेरिएबलच्या, म्हणजे ड्रॉपडाउनमधून निवडलेल्या, सध्याच्या किमती. आमच्याकडे बहुतेक लिंकांवर दोन्ही रिकाम्या होत्या. काही ठिकाणी तर लिंकच नव्हती, मजकुराच्या पॅनलमध्ये पत्ता तेवढा चिकटवलेला.

एक भानगड मात्र चौकटींनी सुटणारी नव्हती. एका डॅशबोर्डमध्ये व्हेरिएबलचं नाव ‘सर्व्हिस’, दुसऱ्यात ‘ॲप’, तिसऱ्यात ‘जॉब’. नाव जुळलं नाही की किंमत सोबत जाऊनही उपयोग शून्य, समोरची स्क्रीन तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि चुकलं असं सांगतही नाही. दिवसभर नावं एकसारखी करत बसलो. कंटाळवाणं काम, पण आत्तापर्यंतचा सर्वांत मोठा फायदा यातूनच झालाय. ३८ लिंका दुरुस्त झाल्या.

६ जून

आज एक वेगळाच सापळा दिसला आणि तो बघून जरा घाबरलोच.

सपोर्टमधल्या मुलाने आलेखातला उंचवटा नीट बघायला माऊस ओढून तो भाग मोठा केला. नंतर २० मिनिटं तोच टॅब समोर ठेवून बसला होता. वर कोपऱ्यात ‘दर ३० सेकंदांनी रिफ्रेश’ चालू. रेषा खाली आलेली, शांत. “आता सगळं ठीक आहे,” असं त्याने चॅटवर लिहूनही टाकलं. ठीक नव्हतं.

झालं असं की माऊस ओढून भाग मोठा केला की कालावधी ‘गेला १ तास’ असा सरकता राहत नाही, ‘अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत’ असा पक्का होतो. रिफ्रेश चालूच राहतो, पण दर ३० सेकंदांनी तीच जुनी खिडकी नव्याने आणतो. गोल फिरणारं चिन्ह दिसतं, म्हणून माणसाला वाटतं आपण ताजं बघतोय. टूलचा यात काही दोष नाही. वर कालावधी स्पष्ट लिहिलेला असतो, पण रात्री ३ वाजता तिकडे कोण बघतं?

इलाज म्हणून प्रत्येक पहिल्या ओळीत एक छोटं पॅनल टाकलं: या खिडकीतला शेवटचा आकडा किती मिनिटांपूर्वीचा. २ मिनिटांच्या पुढे गेला की भगवं होतं आणि त्यातच ‘जुनं चित्र’ असा शब्द येतो.

याचीच उलटी बाजू लिंक पाठवण्यात आहे. ‘गेला १ तास’ असलेली लिंक रात्री पाठवली आणि समोरच्याने सकाळी उघडली, तर त्याला सकाळचा तास दिसतो. मागच्या महिन्यात डेटाबेसवाल्यांशी आमचं जे वाजलं होतं, त्याचं मूळ बहुधा हेच. ते म्हणत होते “काहीच दिसत नाही” आणि खरंच त्यांना काहीच दिसत नव्हतं. शेअर करताना कालावधी पक्का करण्याचा पर्याय असतो. तो लावूनच पाठवायचं, असं चॅनलच्या वर पिन केलंय.

९ जून

अलर्टच्या मेसेजमधली लिंक. हिच्यापासून सुरुवात करायला हवी होती खरं तर.

आता लिंक थेट त्या सर्व्हिसच्या डॅशबोर्डवर जाते, एन्व्हायर्नमेंट भरलेलं, वेळ भरलेली. पण कोणती वेळ? अलर्ट वाजतो तेव्हा गोष्ट सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो. हिशोब मांडला: आकडा उचलायला जास्तीत जास्त १५ सेकंद, नियम तपासायला १ मिनिट, ‘सलग ५ मिनिटं असेल तरच’ या अटीची ५ मिनिटं, आणि एकत्र गोळा करून पाठवण्याआधी अलर्टमॅनेजर थांबतो ते ३० सेकंद. सगळे मिळून ६ मिनिटं ४५ सेकंद. शिवाय क्वेरी (आकडे मागवणारं सूत्र) मागच्या ५ मिनिटांची सरासरी काढते, त्यामुळे चढ दिसायलाच उशीर. अलर्टच्या वेळेला उघडलेली खिडकी म्हणजे अपघात होऊन गेल्यावर काढलेला फोटो.

म्हणून लिंक अलर्टच्या ३० मिनिटं आधीपासून उघडायची ठरवली. अलर्टच्या टेम्प्लेटमध्ये ही ३० मिनिटं नॅनोसेकंदांत लिहावी लागतात, १८ वर ११ शून्यं. मी पहिल्यांदा १० लिहिली आणि लिंक ३ मिनिटं आधीपासून उघडायला लागली. दुपारभर ‘असं का होतंय’ करत बसलो. शून्यं मोजायला शेवटी पेन्सिल घेतली.

११ जून

स्क्रीनवर कशाच्या खाली काय, यावर आज बैठक झाली. लांबली.

प्रत्येकाला आपापला आलेख पहिल्या ओळीत हवा. सर्व्हरवाल्यांना सीपीयू, डेटाबेसवाल्यांना कनेक्शन, सरांना महिन्याची उपलब्धता. जुन्या डॅशबोर्डवर पहिल्या ओळीत सीपीयूच होतं, आठ घड्याळाकृती पॅनल, विमानाच्या कॉकपिटसारखी. दिसायला भारदस्त, पण त्यांवरून वापरणाऱ्याला त्रास होतोय की नाही हे कळत नाही. सीपीयू ९० टक्क्यांवर असूनही सगळं सुरळीत असू शकतं, आणि २० टक्क्यांवर असताना सर्व्हिस कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत हातावर हात ठेवून बसलेली असू शकते.

टॉम विल्की यांची ‘रेड’ पद्धत मांडली: किती विनंत्या येतायत, किती चुकतायत, किती वेळ लागतोय. सर्व्हिसकडे बाहेरून बघायचं. ब्रेंडन ग्रेग यांची ‘यूज’ पद्धत मशीनकडे आतून बघते: किती वापर, किती रांग, किती चुका. पहिली वर, दुसरी खाली. वरून खाली वाचत गेलं की ‘त्रास होतोय का’ पासून ‘कशामुळे’ पर्यंत पोचायला हवं. हे पटलं, कारण डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की खाली गेलं तरी त्यांचं पॅनल आता बरोबर वेळेसकट उघडणार आहे.

सरांसाठी एकच पॅनल वर ठेवलं, पण टक्क्यांऐवजी मिनिटांत. ९९.९ टक्के म्हटलं की सगळे माना डोलावतात. ३० दिवसांत बंद राहायला फक्त ४३ मिनिटं १२ सेकंद म्हटलं, आणि त्यातली १९ संपली म्हटलं, की खुर्च्या सरकतात.

घड्याळाकृती पॅनल काढली. दोघांनी हळहळ व्यक्त केली.

१२ जून

वापरात नसलेले ८० डॅशबोर्ड ‘अडगळ’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवले. पुसले नाहीत. संध्याकाळपर्यंत फक्त एकाचा फोन आला, आणि त्यालाही हवा होता तो ‘फायनल’ नव्हता, ‘नवीन-२’ होता.

१६ जून

ठरवलेल्या कामात नसलेली गोष्ट, पण सोडवत नाही.

नव्या मांडणीत वेळ लागण्याचा आलेख मोठा झाला आणि पेमेंट सर्व्हिसच्या पी९९ची रेषा डोळ्यात भरली. पी९९ म्हणजे १०० पैकी ९९ विनंत्या जितक्या वेळात उरकतात ती वेळ. गर्दी वाढली की रेषा चढते, बरोबर १० सेकंदांवर जाते आणि तिथे पट्टीने आखल्यासारखी सरळ चालते. ९.९८ नाही, १०.०३ नाही. इतकी सरळ रेषा निसर्गात नसते.

आम्ही सगळे समजत होतो की कुठेतरी १० सेकंदांचा टाइमआउट (तेवढं थांबून विनंती सोडून देण्याची मर्यादा) आहे. शोधला, सापडला नाही. खरा टाइमआउट ३० सेकंदांचा निघाला.

कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. प्रोमिथियसचा हिस्टोग्राम प्रत्येक विनंतीची वेळ जपून ठेवत नाही. ठरलेल्या मर्यादांचे खण करतो आणि कोणत्या खणात किती पडल्या एवढंच मोजतो. गो भाषेच्या क्लायंट लायब्ररीला आपण वेगळं काही सांगितलं नाही तर ११ मर्यादा मिळतात: ५ मिलिसेकंद, १०, २५, ५०, १००, २५०, ५००, मग १ सेकंद, २.५, ५ आणि १०. त्याहून जास्त वेळ लागलेल्या सगळ्या विनंत्या शेवटच्या, वरून उघड्या खणात. आणि पी९९ त्या उघड्या खणात पडला की उत्तर म्हणून त्याच्या आधीची मर्यादा मिळते. म्हणजे १०. विनंतीला ११ सेकंद लागोत की २९, आलेख १०च सांगणार.

गंमत म्हणजे खालच्या बाजूलाही अंदाजच असतो. ५ आणि १० मधल्या खणात विनंत्या सारख्या पसरल्या आहेत असं धरून मधली किंमत काढली जाते. म्हणजे पॅनलवर ‘७.४२ सेकंद’ असं दोन दशांशांपर्यंत छापून येतं त्यातला बराचसा भाग हिशोबाचा, मोजणीचा नव्हे. दशांश काढून टाकले.

१५, २० आणि ३० सेकंदांच्या मर्यादा वाढवायला सांगितल्या. डेव्हलपर म्हणाला, प्रत्येक नवी मर्यादा म्हणजे प्रत्येक पॉडच्या प्रत्येक एंडपॉइंटसाठी (विनंती जिथे येते त्या पत्त्यासाठी) आणखी एक सिरीज, म्हणजे साठवायच्या आकड्यांची आणखी एक मालिका. ४० पॉड, १२ एंडपॉइंट, ३ मर्यादा: १४४० नव्या सिरीज. परवडतं. १ सेकंदाखालच्या दोन मर्यादा कोणी बघत नाही, त्या बदल्यात काढल्या.

तोवर पॅनलच्या माहितीच्या खुणेत लिहून ठेवलंय: ‘१० दिसलं तर १० किंवा त्याहून कितीही.’

१८ जून

आठवड्याचा आढावा बघताना कोणीतरी विचारलं, मंगळवारचा ३ मिनिटांचा उंचवटा कुठे गेला? १ तासाच्या खिडकीत दिसतो, ७ दिवसांच्या खिडकीत नाही.

७ दिवस म्हणजे ६,०४,८०० सेकंद. दर १५ सेकंदांना एक आकडा, म्हणजे ४०,३२० आकडे. पॅनल साधारण ८०० पिक्सेल रुंद, एका पिक्सेलच्या वाट्याला ५० आकडे. एवढे काढता येत नाहीत म्हणून ग्राफाना विरळ विचारतो, इथे दर १५ मिनिटांनी एकदा. आमच्या जुन्या क्वेरीत मात्र ‘मागच्या १ मिनिटाचा दर’ असं कायमचं लिहिलेलं. म्हणजे प्रत्येक १५ मिनिटांतलं १ मिनिट बघितलं आणि १४ मिनिटांकडे कोणी बघितलंच नाही. ब्राउझरची खिडकी थोडी अरुंद केली की आलेखाचा आकारच बदलायचा. आम्ही त्याला इतके दिवस ‘ग्राफाना कधीकधी असं करतो’ म्हणत होतो.

१ मिनिटाच्या जागी ग्राफानाचं दराच्या कालावधीचं तयार व्हेरिएबल टाकलं. ते विचारण्यातल्या अंतराप्रमाणे स्वतः रुंद होतं, त्यामुळे काही वगळलं जात नाही. पण मग १५ मिनिटांच्या सरासरीत ३ मिनिटांचा उंचवटा बुटका होतो. म्हणून सोबत फिकट रंगात त्या तुकड्यातल्या सर्वांत मोठ्या किमतीची दुसरी रेषा. सरासरी शांत आणि फिकट रेषा उसळलेली दिसली की तिथे माऊस ओढून आत जायचं.

१९ जून

किरकोळ कामं. ‘नो डेटा’ आणि शून्य वेगळे दाखवायला लागलो. एकही चूक न झालेल्या सर्व्हिसची चुकांची सिरीजच तयार झालेली नसते, त्यामुळे सर्वांत निरोगी सर्व्हिस ‘नो डेटा’ म्हणून करड्या रंगात दिसायची आणि लोक उगाच दचकायचे. उलट, आकडे येणं खरोखर बंद पडलेलं असताना रिकाम्या जागा रेषेने जोडायची सेटिंग चालू असल्याने सगळं अखंड दिसायचं. पहिल्याला शून्य दिलं, दुसऱ्याची जोडणी बंद केली. आता खंड पडला तर खंडच दिसतो.

लाल-हिरव्याच्या सोबतीला शब्दही टाकले, कारण टीममधल्या एकाला ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. दोन वर्षांत त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. वरची पट्टी पाठ करून त्यावरून तो अंदाज बांधायचा.

२३ जून

पाच दुरुस्त्या टिकल्या, एक मोडली. कोणीतरी डॅशबोर्ड सेव्ह करताना ‘हाच कालावधी कायमचा ठेवा’ या चौकटीवर खूण केली, आणि ऑर्डर सर्व्हिस सगळ्यांनाच ३० दिवसांवर उघडायला लागली. स्क्रीन कासवाच्या चालीने भरत होती. आता मुख्य १२ डॅशबोर्ड फक्त फाईलमधूनच बदलता येतात. बदल हवा तर आधी कोड रिव्ह्यू. यावर थोडी कुरकुर आहे, ती राहणार.

शॉर्टकटचा कागद बनवला होता, तो फाडला. प्रश्नचिन्हाची कळ दाबली की सगळे शॉर्टकट समोर येतात, मग कागद कशाला? दोनच सगळ्यांना तोंडी शिकवले: कर्सर पॅनलवर ठेवून ‘व्ही’ दाबला की तेच पॅनल पूर्ण स्क्रीनभर, आणि ‘टी’ मग ‘झेड’ दाबलं की कालावधी मागे मोठा होतो.

२६ जून

पुन्हा तीच परीक्षा, तोच घोळ. या वेळी दोघींना बसवलं: रात्रपाळीची सहकारीण, आणि रुजू होऊन आठवडाही न झालेली नवी मुलगी.

सहकारिणीचे ९ क्लिक झाले, नवीन मुलीचे १४. नवीन मुलगी दोनदा चुकीच्या लिंकवर गेली, पण मागे आली तेव्हा वेळ आणि सर्व्हिस जशीच्या तशी होती, त्यामुळे तिला चुकल्याचं फारसं काही वाटलं नाही. डेटाबेसच्या स्क्रीनवर पोचून तिने स्वतःहून विचारलं, “ही रांग इथे वाढली आणि वरचा वेळ त्यानंतर वाढला, बरोबर?” बरोबर.

मी वही मिटणार तेवढ्यात सहकारिणीने ड्रॉवरमधून चिठ्ठ्यांची गड्डी काढली आणि वेळ लिहून घेतली.

“आता कशाला?”

“लॉग.”

लॉगच्या टूलला आमची लिंक जाते, पण वेळ जात नाही. आमच्याकडचा ग्राफाना पत्त्यात वेळ मिलिसेकंदांच्या मोठ्या आकड्यात लिहितो आणि लॉगच्या टूलला ती तारीख-वेळ अशा मजकुरात हवी. तीही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), कारण ग्राफाना ब्राउझरच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो आणि लॉग सर्व्हरच्या. म्हणजे नुसती टाईप करून भागत नाही, मनात वजाबाकीही करावी लागते. तिने चिठ्ठीवर दोन वेळा लिहिल्या होत्या, एक आपली, एक सर्व्हरची, मध्ये बाण.

हीपण चिठ्ठी मागितली. म्हणाली, काम संपलं की देते.